नोव्हायच्या तळघरातला खांब

माझ्या डाव्या पायाला अर्धं पाऊल जास्तीचं टाकायची सवय आहे. हे पाऊल चीनमधल्या कुठल्याही प्रांतात, कुठल्याही घराण्यात नाही. ते मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावी एका तळघरात जन्माला आलं, आणि तिथून न्यू जर्सीमार्गे कॅलिफोर्नियापर्यंत मी ते पसरवलं. साठ-सत्तर मराठी ज्येष्ठ नागरिक ते शिकून पुण्याला, नागपूरला, सांगलीला परत गेलेले आहेत आणि सकाळी गच्चीवर ते मनापासून करत असतात. त्या सगळ्यांची जाहीर माफी मागावी म्हणून हा लेख लिहायला घेतला होता. आता मागावी की नाही याची खात्री राहिलेली नाही.

मी ताई ची शिकवायचे. या नावावरून करता येण्यासारखे सगळे विनोद मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्यासमोर करून झालेले आहेत, तेव्हा पुढे जाऊ. ही चिनी मारामारीची विद्या आहे, पण इतकी सावकाश करायची की समोरचा कंटाळून घरी जाईल. ठरावीक हालचालींची एक लांब माळ असते. ती एका जागी सुरू होते, पुढे जाते, मध्यावर सगळे मागे तोंड करून परत येतात, आणि जिथून निघालो तिथेच ती संपते. कसब एवढंच की एक पाय भरलेला ठेवायचा आणि एक रिकामा. या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतावं तसं अंगाचं वजन एका पायातून दुसऱ्यात ओतायचं, आणि पूर्ण ओतून झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक वेळा वजन मागे ठेवून वळतात म्हणून. एवढं ज्याच्या पायाला समजलं त्याला ताई ची आली. हातवारे बघणाऱ्यांसाठी असतात.

मुळात मी मास्तरीण नव्हे. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासायचं काम करत होते, म्हणजे हातात गेज घेऊन दिवसभर भोकं मोजायची. आमच्याकडे प्रत्येक भागाचा एक मास्टर पीस असतो. तो कपाटात कुलपात ठेवतात आणि बाकीचे हजारो भाग त्याच्याशी जुळवून बघतात. मास्टर पीस असाच का, हे तपासणाऱ्याने विचारायचं नसतं. वीस वर्षं हे काम केलं की स्वभावच तसा होतो. पुढचा सगळा घोळ या स्वभावाने केला.

त्याच कारखान्यात मिस्टर ल्यांग टूलिंगला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात होते. साठीच्या आसपासचे, उंचेपुरे, बोलणं बेताचं. मी त्यांना तोंडावर मिस्टर ल्यांग म्हणायचे आणि मनात मास्तर. ते मोडक्या इंग्रजीत बोलत आणि मी पुणेरी इंग्रजीत, म्हणून आमचं सगळं बोलणं इथे मराठीतच लिहिते. २००१ च्या जूनमध्ये माझी कंबर धरली होती. तपासणीच्या टेबलापाशी ते येऊन उभे राहिले, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचे दोन्ही पाय एकाच वेळी काम करतात. एकाला सुट्टी द्या. रविवारी घरी या."

मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर उभं राहणं म्हणजे आत्महत्या, त्यामुळे तिथली ताई ची तळघरात चालते. मास्तरांच्या तळघरात आम्ही आठ जण होतो. छताखालून हीटरची जाडजूड नळी गेलेली, कोपऱ्यात कपडे धुण्याचं मशीन, आणि मधोमध घराचा भार पेलणारा लोखंडी खांब. कुणाचं डोकं आपटू नये म्हणून त्याला जुन्या गालिच्याचा तुकडा गुंडाळून तारेने बांधला होता. एका बाजूने तो गालिचा पार झिजून सुतळी दिसायला लागली होती. मांजराने ओरबाडला असेल असं मी धरून चालले. त्यांच्याकडे मांजर नव्हतं हे मला फार उशिरा सुचलं.

मी सगळ्यांत नवी, म्हणून माझी जागा मागे मशीनपाशी. पहिले तीन महिने नुसतं उभं राहिले. मास्तर सांगत काहीच नसत. चुकलं की समोर येऊन उभे राहत, आणि आपलं काय चुकलं हे आपल्याला कळेपर्यंत हलत नसत. एकदा एकाने विचारलं, "इथे हात असा का?" मास्तर त्याच्यासमोर वीस मिनिटं उभे राहिले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. तास संपला की सगळ्यांना पेल्यातून गरम पाणी मिळे. चहा नव्हे, पाणी.

त्या तळघरात एक रिवाज होता आणि माझी सगळी हकिकत त्याच्यावर उभी आहे. ज्याला शिकवायची परवानगी मिळायची त्याला मास्तर सर्टिफिकेट वगैरे देत नसत. एखाद्या रविवारी ते नुसते आपली पुढची जागा सोडत, चालत मागे जात आणि शेवटच्या रांगेत उभे राहत. मग ज्याच्याकडे बघून त्यांनी मान हलवली तो पुढे जाऊन उभा राही, आणि स्वतः मास्तर मागून त्याच्याबरोबर माळ करत. त्या दिवसापासून त्याने शिकवावं. त्याआधी कुणी शिकवायचं नाही, शेजारणीलासुद्धा. माझ्या साडेतीन वर्षांत असं एकदाच झालं, आणि तो माणूस अकरा वर्षं शिकत होता.

मी माझ्या पद्धतीने शिकत होते. घरी येऊन वहीत एकेक हालचाल नंबर घालून लिहायची, कारखान्यातल्या प्रोसेस शीटसारखी. पाऊल किती इंच, अंग किती अंशात, नजर कुठे. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत ते वरच्या नळीमुळे, हे मी स्वतः शोधून काढलं आणि "जागेची अडचण, मूळ प्रकारात नसावं" असा शेरा मारला. त्याचा मला बराच अभिमान होता. चाळीसच्या पुढे कुठेतरी, मागे तोंड करून परत येताना, मास्तर डावं पाऊल अर्धं बाजूला टाकत आणि अंग तिरकं करत. आम्ही आठही जण टाकत होतो. तिथे मी लिहिलं, "कारण विचारलेलं नाही." खांब मला दर रविवारी दिसत होता आणि पाऊलही दिसत होतं. मी मागे मशीनपाशी, माझ्या वाटेत खांब येतच नव्हता, म्हणून या दोघांचा संबंध मला लागला नाही. माळ जिथे सुरू झाली तिथे संपायला हवी आणि माझी दरवेळी अर्धं पाऊल बाजूला संपते, हेही मी मोजलं होतं. ती चूक मी स्वतःची समजले.

२००४ मध्ये आमचा विभाग बंद झाला. माझे यजमान श्रीकांत सॉफ्टवेअरमध्ये, त्यांना न्यू जर्सीत काम मिळालं आणि सामान बांधलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा मनात आशा होती. साडेतीन वर्षं म्हणजे अकरा वर्षं नव्हेत, पण मी जातेय म्हटल्यावर मास्तर एकदा तरी मागे जाऊन उभे राहतील असं वाटलं होतं. ते पुढेच उभे राहिले. शेवटी त्यांनी मला कापडी बुटांचा एक जोड दिला, त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिप डिझाइन करते असं प्रथमच सांगितलं आणि म्हणाले, "रोज सराव करा. रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश चालवा." मी सावकाश चालवलं आणि वाटेत थोडी रडले.

न्यू जर्सीत आम्ही राहिलो त्या पार्सिपनीत ताई ची दुकानांच्या ओळीत मिळते. एका बाजूला पिझ्झा, दुसऱ्या बाजूला साड्या, मध्ये काचेच्या दारावर ड्रॅगन. मालकाचं नाव रिक. तो गुबगुबीत आणि अतिशय प्रेमळ होता. ताई चीत पट्टे नसतात, पण न्यू जर्सीत असतात. नऊ रंगांचे होते. आपले लोक मुलांना घेऊन यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "ब्लॅक बेल्टला किती महिने लागतील? म्हणजे कॉलेज ॲप्लिकेशनच्या आधी होईल ना?" मिशिगनमध्ये तीन महिने नुसतं उभं राहिले होते, इथे तिसऱ्या तासाला पिवळा पट्टा. तिथे प्रश्न विचारायची चोरी, इथे प्रत्येक हालचालीला रिक मोठ्याने विचारायचा, "समोरच्याने ठोसा मारला तर याचा उपयोग काय?" आणि सगळ्यांनी ओरडून उत्तर द्यायचं. कोण बरोबर आणि कोण चूक हे मी ठरवणार नाही. रिकच्या वर्गातली माणसं हसत घरी जायची, एवढं खरं.

मी सरावाला जायला लागले. महिन्याभराने सकाळच्या ज्येष्ठांच्या वर्गाची बाई आजारी पडली आणि रिकने मला खांद्याला धरून पुढे उभं केलं. तो मला नील म्हणायचा. "नील, यू टेक देम." समोर बारा म्हातारी माणसं, त्यातली सात मराठी, सुनांनी गाडीतून आणून सोडलेली. मी नाही म्हणायला हवं होतं. पाठ फिरवली आणि सुरुवात केली. ती बाई परत आलीच नाही. मिशिगनला फोन करून विचारावं असं कितीदा मनात आलं. पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? विचारलंच नाही तर ते नाही म्हणालेले नसतात. या युक्तिवादावर मी चार वर्षं काढली.

रिकने तिथेच माझं अर्धं पाऊल हेरलं. "नील, हे काय आहे? ॲप्लिकेशन काय?" मला माहीत नव्हतं. मास्टर पीसबद्दल मला माहीत नाही असं म्हणणं जिवावर आलं. मी म्हणाले, "समोरून जोरात येणाऱ्याला अडवायचं नाही. अर्धं पाऊल सरकून वाट द्यायची. तो आपल्याच जोराने निघून जातो." रिक हरखला. संध्याकाळच्या सगळ्या वर्गांना त्याने ते पाऊल शिकवलं आणि निळ्या पट्ट्याच्या परीक्षेत घातलं. म्हणजे पार्सिपनीतही ते चालू असणार.

२००६ च्या सुरुवातीला श्रीकांतची कंपनी आम्हाला सनीव्हेलला घेऊन गेली. मला पहिली आठवण झाली मास्तरांच्या मुलीची. बाप लेकीकडे येणारच. आलाच तर कुठल्यातरी बागेत मी विनापरवाना उभी असलेली दिसणार. एकदा ठरवलंही, की इथे शिकवायचं नाही, घरी भाजी-पोळी करून सुखाने राहायचं.

ते जमलं नाही, कारण आमच्या अपार्टमेंटसमोर बाग होती. सनीव्हेलमध्ये सकाळी साडेआठला मुलं-सुना शटलने नाहीतर कॅलट्रेनने कामावर जातात, नातवंडं शाळेत, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील उरतात. गाडी येत नाही, दुकान लांब, टीव्हीवर काय लावायचं कळत नाही. ही माणसं बागेत येऊन बाकावर ओळीने बसायची आणि परतीच्या तिकिटाची तारीख एकमेकांना सांगायची. तळ्याच्या पलीकडे चीनहून आलेले आजीआजोबा होते, तेही तसेच सहा महिन्यांचे. फरक इतकाच की ते बसलेले नसायचे. फांगबाई म्हणून त्यांच्या एक शिक्षिका होत्या, टेपरेकॉर्डर लावून कवायतीसारखी शिस्तीत ताई ची घ्यायच्या. मी आपली एका झाडामागे माझी माळ करत होते. तिसऱ्या दिवशी मागे पावलं वाजली. पुण्याच्या पेठेकाकू होत्या.

"अगं, तू आपल्यातलीच ना? हे पलीकडचे करतात तेच करतेयस ना? मला शिकवतेस का? त्या बाई फार चिनी बोलतात गं."

पेठेकाकू ग्रीन कार्डावर मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, आणि डिसेंबरात त्याच्या घरच्या जिन्यावरून पडल्या होत्या. हाड वाचलं, पण तेव्हापासून घरात भिंत धरून चालायच्या. मुलगा अमोल काळजीने म्हणत होता की पुन्हा पडलात तर सरळ परत पाठवतो, इथे हॉस्पिटल आपल्याला परवडणार नाही. काकूंनी हे हसत सांगितलं आणि माझ्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना भरलेला पाय आणि रिकामा पाय दाखवला. दुसऱ्या दिवशी काकू आणखी दोघींना घेऊन आल्या, आणि वर्षभरात बागेत तीस माणसं झाली. पुढे गावाच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रानेही मला रीतसर कामावर घेतलं.

कॅलिफोर्नियाची शिकवणी आणखी तिसरीच. तिथे कुणी ठोशाचं विचारत नाही. गुडघ्याला फायदा काय, शुगरला काय, झोपेला काय. अमोलसारखी मुलं शनिवारी येऊन म्हणायची, "मावशी, याच्या बेनिफिट्सची एक स्लाइड बनवून द्या ना, आय विल शेअर इट." आकाश मोकळं, वर नळी नाही, त्यामुळे माझे हात आपोआप डोक्यावर जायला लागले. मूळ प्रकार सापडल्याच्या आनंदात मी वहीतल्या त्या शेऱ्यावर बरोबरची खूण केली. अर्धं पाऊल मात्र तसंच राहिलं. नागपूरचे निवृत्त मुख्याध्यापक बोकारेकाका, हेही मुलाकडे कायमचे आलेले, यांना ते सर्वांत आवडायचं. त्यांनी त्याचं 'वाट देणे' असं नाव ठेवलं, आणि माणसाने साठीनंतर हे एवढंच शिकायचं असतं यावर दहा मिनिटं भाषण केलं. सुना असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

२००७ च्या उन्हाळ्यात एक दिवस फांगबाई तळ्याला वळसा घालून आल्या. आमची माळ पुरी होईपर्यंत हाताची घडी घालून बघत राहिल्या. मग त्या अर्ध्या पावलाच्या जागी गेल्या, गवताकडे निरखून बघितलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "इथे काय आहे?"

"कुठे?"

"इथे. तुम्ही तीस माणसं कशाला वळसा घालता?"

त्या क्षणी मला खांब दिसला. गालिच्यासकट. घरी जाऊन वही काढली, तळघराचा नकाशा मापात काढला, मास्तरांची जागा ठेवली आणि त्यांची पावलं मोजत आले. बेचाळिसाव्या हालचालीनंतर मास्तर बरोबर खांबात जात होते. त्रेचाळिसावी हालचाल म्हणजे खांब चुकवणं. बाकीच्यांनी ते पाऊल टाकलं ते रांग मोडू नये म्हणून, आणि मी ते इंचात लिहून, त्याला तत्त्वज्ञान जोडून, दोन राज्यांत शिकवलं. वीस वर्षं गुणवत्ता तपासणारी बाई मी. श्रीकांत तासभर हसत होते. मला हसू आलं नाही. परवानगी नसताना शिकवलं हे एक, आणि वर चुकीचं शिकवलं. मास्तर परवानगी का देत नसतील ते मला नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी बागेत मी सगळ्यांना खरं सांगितलं. तळघर, खांब, सगळं. शिवाय मला पुढे उभं राहायला कुणी सांगितलेलं नाही हेही सांगून टाकलं.

बोकारेकाका म्हणाले, "बिनाऑर्डरचे मास्तर मी तीस वर्षं सांभाळले, मॅडम. शिकवत तर तेही होते."

"पण काका, पाऊल चुकीचं आहे. आजपासून काढून टाकायचं."

"काढा बाप्पा. तुम्ही म्हणता तर काढून पाहू."

काढून बघितलं. निम्म्यांच्या लक्षात राहिलं, निम्म्यांचे पाय जुन्या वळणाने गेले, आणि बोकारेकाकांचा खांदा पेठेकाकूंना लागला. काकू पडल्या नाहीत, पण चेहरा पांढरा झाला आणि त्या जाऊन बाकावर बसल्या. पुढचे चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या.

"तू ते पाऊल काढलंस ना," त्या म्हणाल्या, "मला तेवढंच तर येतं गं. नातू धावत आला की मी वाट देते. दुकानात कुणी कार्ट घेऊन अंगावर आलं की वाट देते. पहिल्यांदा भिंत सोडली ती त्या पावलावर. आता ते चूक म्हणालीस, तर पाय उचलायचाच धीर होत नाही."

मी दुसऱ्या दिवशी पाऊल परत घातलं. काकू परत आल्या. फांगबाईंनी तळ्याच्या पलीकडून बघून मान हलवली आणि टेप लावला.

त्यानंतर वर्षभर मी बरोबर काय ते माहीत असून चूक शिकवत होते, आणि त्याची सवय झाली असं म्हणणार नाही. रोज सकाळी पुढे उभी राहताना मानेवर कुणाचीतरी नजर असल्यासारखं वाटायचं.

२००८ च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, ती नजर खरोखरच होती. पाठ फिरवून सुरुवात करणार तोच तळ्याच्या कडेने जाड मिशिगनचं जाकीट घातलेला एक माणूस चालत येताना दिसला. त्या उन्हात ते जाकीट घालणारा दुसरा कोण असणार. मास्तर वाळले होते. जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुलीकडे राहायला आलो. पलीकडच्या बाईंकडे सराव करत होतो. तिथून पाऊल ओळखलं."

मी म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं नाही."

"नाही विचारलं," ते म्हणाले.

मी पुढची जागा सोडली. बाजूला झाले आणि हाताने त्यांना दाखवलं, या, ही तुमची. बोकारेकाकांनी सर्वांना आधीच कुजबुजून सांगितलं होतं की हेच ते खांबवाले. मास्तर माझ्या जागेकडे चालत आले. तिथलं गवत माझ्या बुटांनी गेलेलं होतं, त्याच्याकडे त्यांनी क्षणभर बघितलं. मग तिथे न थांबता ते तसेच चालत राहिले. पहिल्या रांगेच्या बाजूने, दुसऱ्या रांगेच्या बाजूने, पार मागे. शेवटच्या रांगेत पेठेकाकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, जाकीट काढून बाकावर ठेवलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मला रडू आलं. तशीच वळले आणि सुरुवात केली. पहिल्या चाळीस हालचाली कशा झाल्या ते विचारू नका.

मध्यावर सगळ्यांची तोंडं मागे वळली, आणि शेवटची रांग पुढची झाली. आता मी सगळ्यांच्या मागे होते आणि मास्तर सगळ्यांच्या पुढे. बेचाळीस. तिथे खांब नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? समोर सनीव्हेलचं मोकळं गवत होतं. मास्तरांचं वजन उजव्या पायात पूर्ण उतरलं, डावा रिकामा झाला, आणि अर्धं पाऊल बाजूला गेला. अंग तिरकं झालं. जाता जाता त्यांच्या उजव्या हाताची मागची बाजू हवेत हळूच कशालातरी घासून गेली. गालिचा कशाने झिजला होता ते मला तेव्हा कळलं.

माळ संपली. पेठेकाकूंनी आनंदाने त्यांना विचारलं, "यू आल्सो डू वाट देणे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला, आणि एका दमात बाकीचंही सांगून टाकलं, की ते नाव आम्ही दिलं, कारण मी मनाने बनवलं, रिकच्या परीक्षेतही ते आहे, आणि एकदा काढायचा प्रयत्न केला पण जमलं नाही. "तुम्ही म्हणाल तर पुन्हा काढते," मी म्हणाले.

मास्तरांनी बाकावरचं जाकीट उचलून हातावर घेतलं.

"घर विकलं," ते म्हणाले. "कारखाना बंद झाला, मग घर. नव्या मालकाला तळघरात मोठा टीव्ही लावायचाय. तो म्हणाला, हा खांब मध्ये येतो, काढता येईल का? मी म्हणालो, काढता येत नाही. वरचं घर त्याच्यावर आहे." त्यांनी पेठेकाकूंच्या पायांकडे बघितलं. दोन्हीपैकी एक भरलेला होता आणि एक रिकामा. "बाईंचा पाय चांगला आहे," ते म्हणाले आणि पाणी मागितलं. गरम कुणाकडेच नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारपासून बोकारेकाका थर्मास आणायला लागले. मास्तर रोज शेवटच्या रांगेत यायचे. एक दिवस माळ संपल्यावर मी सवयीने खाली बघितलं, अंतर मोजायला. आम्ही सगळे जिथे सुरू केलं होतं तिथून अर्धं पाऊल बाजूला उभे होतो. मी मागे वळून शेवटची रांग बघितली. मास्तरही.